स्टीलच्या पॅनला अन्न पुन्हा पुन्हा चिकटतं? सीझनिंग कुठे कामाचं आणि कुठे नाही

तक्रार साधारण अशी असते. स्टीलचं पॅन नवीन आणलं, त्याला तेल लावून धूर निघेपर्यंत तापवलं, म्हणजेच सीझनिंग केलं, पहिल्या दिवशी अंडं अलगद घसरलं. चौथ्या दिवशी निम्मं अंडं ताटात आणि निम्मं बुडाला. मग पुन्हा तेल, पुन्हा धूर, पुन्हा दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

या चक्रात मी स्वतः बरेच महिने होते, म्हणून आधी माझी चूक सांगते. लोखंडी तवा जसा तेल पाजून तयार करतात, तसंच स्टीलचं करायचं असं मी धरून चालले होते. पॅनला तेलाचा पातळ हात फिरवून ओव्हनमध्ये तासभर ठेवलं, थंड केलं, परत तेल लावलं. असे चार थर चढवले. पॅनला मधासारखा पिवळसर रंग आला, हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत लागत होतं. आठवडाभर झकास चाललं. मग एके दिवशी त्यातच टोमॅटोचा रस्सा अर्धा तास उकळला. भांडं धुताना घासणीखाली काहीतरी टोचलं म्हणून उजेडात धरून पाहिलं, तर थराचे बारीक पापुद्रे सुटले होते. मधूनमधून चकचकीत स्टील उघडं पडलं होतं आणि त्याच्या कडेला उरलेला थर पायरीसारखा उभा होता. दुसऱ्या दिवशी अंडं नेमकं त्या पायऱ्यांना धरून बसलं. पॅन कोरं होतं तेव्हासुद्धा इतकं चिकटलं नव्हतं.

हे असं का होतं ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप जागेवर बसतात.

तेल पातळ पसरून खूप तापवलं की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांत गुंफले जातात. पातळ तेलाचा कडक, लाखेसारखा थर तयार होतो. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे हा थर तिथे घट्ट बसतो आणि वापरागणिक वाढत जातो. स्टेनलेस स्टीलचं मुळात वेगळं आहे. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. भांड्यांवर १८/१० किंवा १८/८ असा जो आकडा कोरलेला दिसतो, त्यातला १८ म्हणजे क्रोमियमचं आणि पुढचा आकडा म्हणजे निकेलचं टक्केवारीतलं प्रमाण. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन धातूवर ऑक्साइडचा एक अदृश्य पडदा धरतं, जाडीला काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी तो पडदा लगेच नव्याने धरतो. स्टील गंजत नाही ते याच पडद्यामुळे, आणि तेलाचा थर त्याला नीट पकडू शकत नाही तेही याच पडद्यामुळे. साबण, आंबट पदार्थ, जरा जोर लावून घासणं, यांतलं काहीही पुरतं आणि थर सुटतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की स्टीलच्या भांड्याला ओव्हनमध्ये घालून थरावर थर चढवण्याचे कष्ट घेऊ नका. जवसाचं तेल वापरून तर मुळीच नको. ते फार लवकर आणि फार कडक वाळतं, रंग-रोगणात वापरतात ते त्यामुळेच. स्टीलवर त्याचे पापुद्रे सुटलेच म्हणून समजा.

मग चिकटतं ते नेमकं काय

डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या स्टीलवर बारीक खाचा आणि उंचवटे असतात. अंडं, मासा, मांस यांतली प्रथिनं कच्ची असताना गुंडाळीसारखी असतात. उष्णता लागली की ती उलगडतात आणि जे जवळ सापडेल त्याला धरतात. भांडं कोमट असताना अंडं ओतलं, तर त्याला खाचांमध्ये उतरायला भरपूर वेळ मिळतो. ते तिथेच उलगडतं, तिथेच धातूला धरतं आणि तिथेच शिजून घट्ट होतं. बटाट्यासारख्या पदार्थात हे काम पिठूळपणा करतो.

भांडं आधीच तापलेलं असेल तर चित्र बदलतं. खाचा तेलाने भरलेल्या असतात. पदार्थ टेकताक्षणी त्याच्या खालचा ओलावा वाफ होऊन उसळतो आणि पदार्थ किंचित उचलून धरतो. तेवढ्या वेळात खालची बाजू आळून कोरडी होते. आळलेली बाजू धातूला धरत नाही. चर्र आवाज येतो तो याच वाफेचा, आणि आवाज नाही आला तर समजायचं की आपण घाई केली.

म्हणजे रोज नव्याने तयार करायचं असतं ते तापमान. पहिल्या दिवशी झाली तशी तयारी चौथ्या दिवशी झाली नाही, एवढंच बहुतेकांच्या बाबतीत घडलेलं असतं.

थेंबाची परीक्षा, आणि ती देताना होणारी गफलत

रिकामं, कोरडं पॅन मध्यम आचेवर ठेवा. अर्ध्या मिनिटाने बोटाने पाण्याचा एक थेंब टाका. तो पसरेल आणि जागच्या जागी बुडबुडे येऊन आटेल. परत थोडं थांबा. आता थेंब पडताक्षणी चुर्र होऊन त्याचे बारीक कण उडतील. बरेचजण इथेच तेल घालतात, आणि हे अजून लवकर आहे. आणखी अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. मग एक क्षण असा येतो की थेंब फुटत नाही, आवाजही करत नाही. पाऱ्यासारखा गोळा होऊन पॅनभर पळत सुटतो, काठाला आपटतो, परत येतो. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार झालेली असते आणि तो तिच्यावर तरंगत असतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं होतं, म्हणून याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. पॅनचं तापमान साधारण १९० ते २०० अंश सेल्सियसच्या घरात गेलं की हे दिसायला लागतं.

आता गफलत. थेंब २०० अंशांवर नाचतो तसाच ३०० अंशांवरही नाचतो. पॅन पाच मिनिटं मोठ्या आचेवर विसरलात आणि मग थेंब टाकलात, तर तो छान पळेल, तुम्ही खूश होऊन तेल घालाल आणि तेल त्याच क्षणी धुरेल. पदार्थ मग चिकटतोच, शिवाय करपतो. थेंबावरून किमान किती तापलंय ते कळतं, कमाल नाही. म्हणून तापत असतानाच थोड्या थोड्या वेळाने थेंब टाकत राहायचं आणि तो *पहिल्यांदा* गोळा झाला की थांबायचं. पाणी पुसून घ्या, आच कमी करा, मग तेल. तेल घातल्यावर थेंबाची परीक्षा करू नका, अंगावर उडतं. तेलाचं तापमान तेलावरच दिसतं. पॅन कलतं केलं की ते पाण्यासारखं पटकन वाहतं आणि त्यावर बारीक लाटांच्या रेघा उमटतात. त्या रेघा दिसल्या की पदार्थ टाका.

इंडक्शन शेगडी असेल तर पहिल्यांदा मोठा आकडा लावू नका. बूड मधोमध झपाट्याने तापतं, कडा थंड राहतात आणि पातळ बूड वाकडंसुद्धा होतं. मध्यमपेक्षा खाली ठेवून चार-पाच मिनिटं द्या.

तात्पुरतं सीझनिंग: हे मात्र खरंच कामाचं आहे

कायमचा थर बसत नसला तरी एका बैठकीपुरता थर नक्की बसतो, आणि अंड्यासाठी मी तो नेहमी करते. पॅन थेंबाच्या परीक्षेपर्यंत तापवा. मोठा चमचाभर रिफाइंड तेल घाला आणि पॅन फिरवून ते काठापर्यंत पोचवा. धुराची पहिली बारीक रेघ दिसली की आच बंद. पाच-दहा मिनिटं पॅन तसंच निवू द्या. तेल वाटीत ओतून घ्या आणि पॅन कागदाने किंवा सुती फडक्याने पुसा. नुसती चमक राहिली पाहिजे, ओलेपणा नको. एवढं झालं की पॅन परत मंद आचेवर ठेवा, थोडं नवीन तेल किंवा लोणी घाला आणि अंडं फोडा.

हे सीझनिंग साबणाने धुतलं की गेलं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं काही शिजवलं की गेलं. लागोपाठ दोन-तीन दिवस फक्त अंडीच करणार असाल तर साबण न लावता कोरडं पुसून तेच पुढे वापरता येतं. पण तेलकट पॅन आठवडेच्या आठवडे कपाटात ठेवू नका. तेलाला खवट वास लागतो आणि पृष्ठभाग चिकचिकीत होतो. माझ्या मते दर वेळी स्वच्छ धुवावं आणि लागेल तेव्हा ही दहा मिनिटं द्यावीत.

तेल निवडताना त्याचा धूर कधी निघतो ते पाहा. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल २२५ अंशांच्या पुढेही टिकतं. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, उरलेलं पाणी आणि दुधातले घटक. ते घटक लवकर करपतात आणि बुडाला डाग धरतात. लोण्याची चव हवी असेल तर सुरुवात तेलाने करा, आच उतरवा, मग लोणी. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल टाळलेलं बरं. त्यातल्या लेसिथिनचा तापल्यावर एक चिकट थर उरतो आणि तो साध्या घासण्याने जात नाही.

एवढं करूनही चिकटतंय?

*अंडं चिकटतं, पण बाकी काही नाही.* तापमान जास्त आहे. थेंब नाचतो त्या तापमानाला अंडं टाकलं तर फेसाळून कडा करपतात आणि पिवळा कच्चाच राहतो. पॅन तिथपर्यंत नेऊन आच अगदी मंद करा, मिनिटभर थांबा, मग तेल-लोणी. लोणी घातल्यावर ते फेसाळलं पाहिजे, पण तपकिरी पडता कामा नये. फेस बसायला लागला की अंडं घाला. अंडं थेट फ्रिजमधून काढून फोडू नका, थोडा वेळ बाहेर राहू द्या.

*मासा किंवा चिकन उलटताना फाटतं.* याची दोन कारणं असतात आणि बहुधा दोन्ही एकदम. पहिलं, पृष्ठभाग ओला असतो. तुकडा टाकण्याआधी तो कागदाने दाबून, अगदी कोरडा होईपर्यंत टिपा. मॅरिनेट केलेलं असेल तर वरचं ओलं निथळून टाका, आणि त्यात साखर किंवा मध असेल तर आच कमीच ठेवा, कारण साखर आधी चिकटते आणि मग जळते. दुसरं कारण आपली अधीरता. तुकडा टाकल्यावर पहिली दोन मिनिटं तो धातूला धरतोच, तेव्हा उलथणं घालून ओढला की फाटणारच. खालची बाजू खरपूस झाली, की तो स्वतःहून सुटतो. पाहायचंच असेल तर उलथण्याच्या टोकाने एक कोपरा उचलून बघा. सहज आला तर उलटा, नाही आला तर तीस-चाळीस सेकंदांनी परत बघा. मला स्वतःला या थांबण्याची सवय व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात मोठा फरकही त्यानेच पडला.

*बटाटा बुडाला लागतो.* चिरल्यावर फोडी गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. पाणी पांढुरकं येणं थांबलं की वरचा पिठूळपणा गेला. मग फडक्यावर पसरून कोरड्या करा. तेल जरा सढळ हाताने घाला आणि पहिली तीन-चार मिनिटं त्यांना हात लावू नका. सतत परतत राहिलं की फोडींना कड धरायला वेळच मिळत नाही.

*सुरुवात छान होते, मग सगळं पाणी सुटतं आणि चिकटतं.* पॅन खचाखच भरलंय. फोडींतलं पाणी बाहेर येतं आणि ते आटेपर्यंत बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. त्या तापमानाला खरपूस काही होत नाही, पदार्थ नुसता उकडतो. दोन हप्त्यांत करा.

*बुडाला तपकिरी खरवड धरते.* ही खरवड म्हणजे बिघाड नाही. मांस किंवा कांदा परतल्यावर ती धरणारच आणि चव तिच्यातच असते. पदार्थ काढून घ्या, पॅनमध्ये थोडं कोमट पाणी घाला, लाकडी चमच्याने खरवडा, रस्सा तयार. ती काळी पडली असेल तर मात्र टाकून द्या, कडू लागते. तापलेलं रिकामं पॅन थेट नळाच्या गार धारेखाली धरू नका. बूड वाकलं तर ते परत सपाट होत नाही आणि मग तेल कायम एका बाजूला जमतं.

पॅन स्वच्छ दिसतंय, पण आहे का?

जुन्या पॅनबाबत ही जागा बरेचजण तपासत नाहीत. निवलेल्या, धुतलेल्या पॅनच्या बुडावरून बोटाचं पेर हळूच फिरवा. कुठे अडखळलं, चिकचिक जाणवली किंवा पिवळसर-तपकिरी ठिपके दिसले तर तो अर्धवट जमलेल्या तेलाचा थर आहे. पदार्थ प्रथम तिथेच पकडला जातो. पॅनमध्ये पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, मग सोड्याचीच घट्ट पेस्ट लावून घासा. काठावरचे हट्टी डाग ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या भांडी घासायच्या पावडरने निघतात. ती ओली करून लावा, मिनिटभरात घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच वापरू नका. त्यातलं क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. गार पाण्यात मीठ घालून ते बुडाशी तसंच राहू दिलं तरी असेच खड्डे पडतात, म्हणून मीठ पाणी उकळल्यावर घालून ढवळायचं. एकदा खड्डा पडला की तो घासून जात नाही आणि अन्नाला तिथे कायमची पकड मिळते.

इंद्रधनुषी निळसर-जांभळी छटा किंवा पांढरट ठिपके आले असतील तर घाबरू नका. छटा जास्त तापल्याने ऑक्साइडचा पडदा जाड झाल्याची, ठिपके पाण्यातल्या क्षारांचे. दोन्ही व्हिनेगरने पुसून जातात आणि दोन्हींचा चिकटण्याशी संबंध नाही.

सगळं जमूनही एकाच जागी लागत असेल तर

मग बूड तपासा. स्टील उष्णता फार मंद वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास १५ पट मंद. म्हणून चांगल्या भांड्यांत दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्याचा थर दाबलेला असतो. ट्रायप्लाय म्हणतात ते हेच. नुसत्या एकेरी पातळ स्टीलमध्ये ज्योतीच्या वर लालबुंद भाग आणि दोन बोटं पलीकडे कोमट भाग अशी स्थिती होते. एकीकडे करपतं, दुसरीकडे चिकटतं, आणि कितीही सीझनिंग केलं तरी हे बदलत नाही.

ओळखायला सोपं आहे. कोरड्या, निवलेल्या पॅनमध्ये चमचाभर पीठ चाळणीने अगदी पातळ, सारखं भुरभुरवा. मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळू नका. पीठ सगळीकडे साधारण एकाच वेळी तांबूस व्हायला लागलं तर बूड चांगलं आहे आणि वरचे उपाय त्याला लागू पडतील. मधे काळं वर्तुळ आणि भोवती पांढरं पीठ असं दिसलं तर आधी शेगडीचा बर्नर बदलून परत करून बघा, कारण कधी कधी दोष फार लहान ज्योतीचा असतो. मोठ्या बर्नरवरही तेच वर्तुळ आलं तर ते पॅन पाणी उकळायला, रस्सा किंवा सूप करायला ठेवा. पातळ पदार्थ स्वतःच फिरत राहून उष्णता वाटून घेतो. अंडी आणि मासे मात्र जाड बुडाच्या पॅनमध्येच करा.